झाडांचं नवीन वर्ष, पन्हाळा रोड : फळं लय भारी, ज्ञान जरा आवरा

पाचपैकी साडेतीन स्टार. खरं सांगायचं तर फळांच्या ताटाला आणि मलिद्याला पाच, भाषणाला दीड आणि जाताना हातात दिलेल्या रोपाला शून्य, असं सगळं मिळून साडेतीन काढलेत, गणित कुणी तपासू नका.

१ फेब्रुवारीला, रविवारी संध्याकाळी, केर्लीच्या पुढं एका नर्सरीच्या मागच्या शेडमध्ये हा कार्यक्रम होता. ‘झाडांकडून शिकूया’ असं काहीतरी पोस्टरवर होतं आणि खाली लहान अक्षरात ज्यू लोकांचा तू बिश्वात सण. माणशी ९०० रुपये, दहा वर्षांखालच्या पोरांना निम्मे. आयोजकांचं नाव लिहीत नाही कारण तक्रारी बऱ्याच आहेत आणि माणसं मनानं चांगली आहेत, उगाच कुणाचं दुकान बंद पाडायचं नाही मला. मी, आई आणि बहिणीची पोरगी असे तिघं गेलो होतो. आईला आधी सांगितलं होतं की फळांचा कार्यक्रम आहे, ज्यू वगैरे काही बोललो नव्हतो, नाहीतर ती गाडीत बसायच्या आधीच पन्नास प्रश्न विचारते.

सण काय आहे ते आधी, कारण तिथं हे कळायला अर्धा तास लागला. ज्यू पंचांगात शेवात नावाचा महिना असतो, त्याची पंधरावी तिथी म्हणजे तू बिश्वात. त्यांचे महिने पण चंद्रावर चालतात म्हणून ही पौर्णिमाच, यंदा आपली माघ पौर्णिमा आणि त्यांची ही रात्र एकच आली. आणि दिवस सूर्य मावळल्यावर सुरू होतो म्हणून कार्यक्रम संध्याकाळी. मिश्ना म्हणून त्यांचा जुना ग्रंथ आहे त्यात वर्षाचे चार आरंभ सांगितलेत, एक राजांचा आणि सणांचा, एक जनावरांच्या हिश्श्याचा, एक वर्षांच्या मोजणीचा आणि एक झाडांचा. झाडांचा नेमका कुठल्या दिवशी यावर पण दोन गुरुकुलांत वाद, शम्मायच्या लोकांचं म्हणणं महिन्याच्या पहिल्या तारखेला, हिल्लेलच्या लोकांचं पंधराव्या, पंधरावी टिकली. आणि हे सगळं कशासाठी तर हिशोबासाठी. फळातला दहावा हिस्सा काढून द्यायचा असायचा, आणि एका वर्षाच्या फळाचा हिस्सा दुसऱ्या वर्षाच्या फळातनं देता येत नव्हता, मग कुठलं फळ जुन्या खात्यात आणि कुठलं नव्या हे ठरवायला एक तारीख पाहिजे. म्हणजे सरळ सरळ झाडांचा ३१ मार्च. हीच तारीख का, तर तिकडं इस्राएलमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि या सुमाराला वर्षातला बराचसा पाऊस पडून गेलेला असतो, झाडात रस चढायला लागतो.

मला ही गोष्ट प्रचंड आवडली. म्हणजे सणाच्या मुळाशी कुणाला साक्षात्कार झालाय असं काही नाही, शेतकरी आणि त्याचं देणं आहे. पण आमच्या निवेदक ताईंनी हे दोन वाक्यांत उरकलं आणि लगेच ‘डोळे मिटा, आता तुम्ही एक झाड आहात’ चालू केलं. तेही पाऊण तास उशिरा, कारण माईक चालत नव्हता. पाठीमागं बासरीचं रेकॉर्डिंग. तुमच्या पायातनं मुळं निघतायत, फांद्या आकाशाकडं, जुनी पानं गळू द्या, राग गळू द्या, सासूबद्दलचा राग पण गळू द्या (इथं पुढच्या रांगेतल्या दोघी हसल्या). आई डोळे उघडे ठेवूनच बसली होती आणि शेडच्या पत्र्याला कुठनं गळतंय ते बघत होती. माझा आक्षेप ध्यानाला नाही, ज्याला करायचं त्यानं करावं, पण हे वडाच्या झाडापासून वडापावापर्यंत कशावरही चालणारं भाषण आहे, त्याला तू बिश्वात कशाला पाहिजे? जे त्या परंपरेत खरोखर आहे ते इतकं ठोस आणि खमंग आहे की वरनं मसाला टाकायची गरजच नाही.

उदाहरणार्थ ओर्ला. हा नियम बायबलच्या जुन्या भागात, लेवीय पुस्तकात आहे. झाड लावलं की पहिली ३ वर्षं त्याचं फळ खायचं नाही, चौथ्या वर्षीचं फळ देवाचं, ते यरुशलेमला न्यायचं, आणि पाचव्या वर्षापासून मालकानं खायचं. बस. आता हे ऐकल्यावर आई एकदम सावरून बसली, कारण आमच्याकडं कागलच्या बाजूला आंब्याची कलमं आहेत आणि बाबा असताना पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला की ते स्वतः झाडाखाली उभं राहून खुडायचे. कृषीची माणसं पण तेच सांगतात, कलम लहान असताना फळ धरू दिलं तर सगळी ताकद फळात जाते आणि खोड बारीकच राहतं. मोहोर खुडताना बोटाला तो चिकट डिंक लागतो, काळा पडतो, दोन दिवस जात नाही. आणि आम्ही पोरं बाजूला उभी राहून बोंबलायचो की बाबा निदान एक तरी कैरी राहू द्या. बाबांना लेवीय पुस्तक माहीत असायचं काही कारण नव्हतं, पण काम तेच. एका बाजूला धर्माज्ञा, दुसऱ्या बाजूला बागायतदाराचं शहाणपण, यावर दहा मिनिटं बोलले असते तर ९०० रुपये तिथंच वसूल झाले असते. समोर बसलेले निम्मे लोक शेतीवाले होते हो.

असो. आता चांगल्या भागाकडं येतो.

मुख्य कार्यक्रम म्हणजे फळांचं ताट, त्याला सेदेर म्हणतात. सोळाव्या शतकात इस्राएलच्या गालील भागातल्या साफेद गावात जे गूढवादी ज्यू होते त्यांच्या परंपरेतनं हे वाढत आलंय. विश्वाचे चार थर मानतात आणि प्रत्येक थराला एक प्रकारचं फळ. पहिला थर आपला हा रोजच्या धबडग्याचा, त्याला वरनं कवच असलेली फळं, अक्रोड, बदाम, नारळ, डाळिंब. दुसऱ्याला आत बी असलेली, खजूर, ऑलिव्ह, जर्दाळू. तिसऱ्याला सगळंच्या सगळं खाता येतं अशी, अंजीर, द्राक्षं. आणि चौथ्याला फळच नाही, नुसता वास. सोबत चार पेले, पहिला पांढऱ्या द्राक्षाचा, मग त्यात थोडं लाल, मग जास्त लाल, शेवटचा लाल. हिवाळ्यातली झोपलेली जमीन ते फुललेली जमीन असा तो रंग सरकत जातो.

इथं आयोजकांना सलाम. त्यांनी बाहेरनं डबाबंद माल मागवला नाही, आपल्या मार्केटमधलं आणलं. कवचाच्या ताटात नारळ आणि डाळिंबासोबत कवठ होतं! शिवरात्र जवळ आली की लक्ष्मीपुरीत कवठं दिसायला लागतात, ती दगडावर आपटून फोडायची मजा काय असते ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत, तर प्रत्येक टेबलावर एक कवठ आणि एक वरवंटा. नाद खुळा आयडिया. भाचीनं पहिल्याच दणक्यात कवठ फोडलं आणि अर्धा गर शेजारच्या काकांच्या शर्टावर. बीच्या ताटात खजुराबरोबर बोरं आणि आवळे. तिसऱ्यात पुरंदरचे अंजीर, तासगावची द्राक्षं आणि बेदाणे. कॅरोब नावाच्या शेंगा या सणाला खातात, लांबच्या प्रवासात टिकायच्या म्हणून युरोपातले ज्यू याच खायचे, त्या इथं कुठनं मिळणार, म्हणून चिंच ठेवली होती. मग चिंच कवचात धरायची का बीत धरायची यावर आमच्या टेबलावर जी चर्चा पेटली ती संपूर्ण संध्याकाळीतली सगळ्यात आध्यात्मिक गोष्ट होती. आई म्हणाली, ‘दोन्हीत हाय. आपल्यातली काही माणसं पण तशीच असत्यात, वरनं पण टणक आन् आतनं पण.’ आणि असं म्हणताना ती माझ्या आत्याकडंच्या एका नातेवाइकाचं नाव घेणार होती, मी पाणी पुढं केलं.

चौथ्या थराला वासासाठी त्यांनी मरवा आणि सोनचाफा दिला. फार सुंदर. फक्त तोवर शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी मटणाला फोडणी दिली होती आणि चौथ्या विश्वात तांबड्या रश्श्याचा वास घुसला, यात आयोजकांचा दोष नाही, हे कोल्हापूर आहे.

या सगळ्यात जान आणली ती एका मावशींनी. बेने इस्राएल समाजातल्या, मूळच्या अलिबागकडच्या, आता ठाण्याला असतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे आपल्या कोकणातले ज्यू, शेकडो वर्षांपासून इथले, घरात मराठी बोलणारे, गावाच्या नावाला ‘-कर’ जोडलेली आडनावं, आणि पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. निवेदक ताई माईकवर बोलत होत्या आणि मावशी मागं स्टुलावर बसून एकेक अंजीर मधनं उकलून उजेडात धरून बघत होत्या. मी विचारलं काय बघताय, तर म्हणाल्या, ‘अहो किडे असतात आत. किडा पोटात गेला तर आमच्यात चालत नाही. झाडाची पूजा नंतर, आधी फळ तपासायचं.’ आईला त्या तिथंच आवडल्या.

आणि केळ्यांचा किस्सा. आयोजकांनी झाडाच्या फळांच्या ताटात केळी ठेवली होती. मावशींनी काही न बोलता ती उचलून वेगळ्या थाळीत ठेवली. ज्यूंच्यात झाडावरच्या फळाला एक प्रार्थना आणि जमिनीतनं येणाऱ्याला दुसरी, आणि केळ हे त्यांच्या हिशोबात झाडाचं फळ नाही, कारण केळीचा बुंधा एकदा घड देऊन संपतो. आई लगेच, ‘मग बरोबरच हाय की ओ. घड उतरला की आम्ही बुंधा कापतोच, बाजूचं पिल्लू वर येतंय.’ मावशी म्हणाल्या, ‘हेच तर आमचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, सांगतात, तुम्ही विळ्यानं सांगितलंत.’ दोघींची अशी गट्टी जमली की पुढचं भाषण दोघींनीही ऐकलं नाही.

मलिदा मावशींनीच केला होता. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, जायफळ, वरनं बदाम-पिस्ते-मनुका, ताटात मधे डोंगरासारखा रचलेला आणि कडेनं फळं. लग्न असो, नवस असो, नवं घर असो, त्यांच्यात एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा होतो, आणि तू बिश्वातला तर खास. अलिबागजवळ खंडाळे म्हणून गाव आहे (लोणावळ्याजवळचा खंडाळा नव्हे), तिथं एलियाहू प्रकट झाला आणि रथातनं आकाशात गेला असं ते मानतात, खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या चाकांच्या म्हणून दाखवतात, आणि या सणाला तिथं लोक जातात. जगातल्या बाकीच्या ज्यूंच्यात तू बिश्वातला असलं काही नाही, हे अगदी आपल्या मातीतलं. दारूऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत होतं, तेच शेवटच्या लाल पेल्यात. गोड जास्त, पण गार आणि घट्ट. मी दोनदा घेतलं, भाचीनं किती घेतलं ते विचारू नका. मलिदा पोह्यांचा म्हटल्यावर मला वाटलं आपल्या दहीकाल्यासारखं काहीतरी असेल, पण पोहे ज्या पद्धतीनं भिजवले होते त्याला तोड नाही, दाणा अख्खा आणि तरी चावायला मऊ, खोबऱ्याचं दूध नुसतं मुरलेलं. मावशींनी नारळ फोडताना कुठली प्रार्थना म्हटली ते आईनं दोनदा म्हणून घेतलं.

आता माझी मुख्य तक्रार. भाषणात युद्धाचा नियम आला. बायबलमधल्याच ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे की एखाद्या नगराला वेढा घालून बरेच दिवस बसलात तरी तिथल्या फळझाडांवर कुऱ्हाड चालवू नका, त्यांचं फळ खा, पण तोडू नका, मोर्चे बांधायला लाकूड पाहिजे तर जे फळ देत नाही ते घ्या. ताईंनी हे सांगितलं आणि पुढं ‘म्हणून आपण प्लास्टिक कमी वापरूया’ (ताटं थर्माकोलची होती, बोला). आता पन्हाळा रोडवर बसून, गड समोर दिसत असताना, आज्ञापत्राचं नाव कुणी घेऊ नये? रामचंद्रपंत अमात्य, बावड्याचे, ज्यांची समाधी पन्हाळ्यावर आहे, त्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या गादीसाठी जो राज्यकारभार लिहून ठेवला त्यात आरमाराच्या प्रकरणात हेच आहे. जहाजाला आंबा-फणसाचं लाकूड उपयोगाचं खरं, पण त्याला हात लावू देऊ नका, कारण ही झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार नाही. फारच जुनं होऊन निकामी झालेलं झाड असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं, जबरदस्ती अजिबात नको. दोन्ही ठिकाणी प्रश्न लष्कराचाच, दोन्ही ठिकाणी लाकडाची गरज खरीच, आणि दोन्हीकडं फळझाड वाचवलंय. फरक पण बघण्यासारखा आहे, तिकडं आज्ञा देवाची आणि झाड शत्रूचं, इकडं आज्ञा राज्याची आणि झाड आपल्याच रयतेचं. शत्रूचं झाड वाचवा म्हणणं जास्त अवघड, हे मी मान्य करतो. पण लेकरांसारखं वाढवलेलं म्हणणारा अमात्य आपला आहे आणि तो इथनं काही किलोमीटरवर वर गडावर आहे, त्याला या कार्यक्रमात खुर्ची मिळायला पाहिजे होती. हे मी मधल्या सुट्टीत ताईंना सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणून अर्धा स्टार वाढवला.

तसंच लव्हाळ्याचं. ताल्मुद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एक सांगणं आहे की माणसानं बोरूसारखं मऊ असावं, देवदारासारखं ताठ नको. बोरू पाण्यात उभा असतो, वारा कुठूनही आला तरी वाकतो आणि वारा थांबला की परत सरळ, देवदाराला मात्र दक्षिणेचा जोराचा वारा उपटून टाकतो. आणि म्हणूनच धर्मग्रंथ लिहायची लेखणी बोरूची करतात, असं पुढं आहे. महापुरे झाडे जाती हे आपल्याकडं शेंबड्या पोराला पाठ असतं, त्यात २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचा रेडेडोह फुटून याच रस्त्यावर पाणी आलेलं बघितलेली माणसं समोर बसलेली. पण आपल्या म्हणीत लेखणी नाही, ती भर तिथली, आणि मला ती फार आवडली, वाऱ्या-पुरातनं तगणं हे एक आणि तगून पुढं कामाला येणं हे दुसरं. ताईंनी याची स्लाइड केली होती, ‘बी फ्लेक्सिबल’ अशा अर्थाची, बांबूचा फोटो. बांबूचा!

आता रोप. जाताना प्रत्येकाला एक रोप, ‘आजच लावा’ म्हणून. गुलमोहराचं. फळझाडांच्या सणाला मादागास्करचा गुलमोहर, बरं ठीक आहे, पण पिशवी उलगडली तर मुळं तळाशी गोल गोल फिरून दोरीसारखी झालेली, कित्येक महिने त्याच पिशवीत पडून असणार ते. आणि फेब्रुवारीत? इस्राएलमध्ये या दिवशी झाडं लावतात कारण तिथं जमीन पावसानं भिजलेली असते. ती पद्धत पण फार जुनी नाही, १८९० साली झेव यावेत्झ नावाच्या शिक्षकानं झिखरोन याकोव गावातल्या शाळेची पोरं झाडं लावायला नेली तिथनं ती रुजली. आपल्याकडं पुढचे चार महिने ऊन वाढत जाणार, जूनपर्यंत रोज बादली घेऊन पळायचं कुणी? फळं खा, प्रार्थना म्हणा, गोष्टी सांगा, पण रोपाचं कूपन द्या आणि मिरगाला बोलवा की राव. आणि द्यायचंच तर आवळा द्या, जांभूळ द्या, त्याच नर्सरीत समोर लावलेली होती. आमचा गुलमोहर सध्या गॅलरीत आहे, मुळं मोकळी करून मोठ्या कुंडीत टाकलाय, जगेल असं वाटतंय.

बाकी बारीकसारीक. पार्किंग भरपूर आहे पण वळण अंधारात दिसत नाही, पेट्रोल पंप ओलांडला की गाडी हळू करा. डास आहेत. म्हाताऱ्या माणसांसाठी पाठीच्या खुर्च्या आधी सांगून ठेवा, नाहीतर प्लास्टिकचं स्टूल मिळतं. पोट भरून जाऊ नका, फळं इतकी होतात की रात्री जेवण लागत नाही, उपवासवाल्यांना तर अगदी सोयीचं, फक्त मलिद्यात पोहे आहेत ते बघा. लहान पोरं तीन तास बसत नाहीत, पण कवठ फोडायला मिळतंय म्हटल्यावर बसतात.

पुढच्या वर्षी जाणार का, तर मावशी येणार असतील तर नक्की, आईनं त्यांचा नंबर घेतलाय म्हणजे ते आधीच कळेल. आयोजकांसाठी एक सांगून ठेवतो, २०२७ ला हा सण २२ जानेवारीच्या संध्याकाळी सुरू होतोय, आपली शाकंभरी पौर्णिमा, आणि वार शुक्रवार. म्हणजे सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ, तो काम बंदचा शनिवार, लागला, मावशी त्यानंतर चूल पेटवणार नाहीत, माईकला हात लावणार नाहीत आणि रात्री ठाण्याची गाडी पण पकडणार नाहीत. तेव्हा मलिदा उजेडात करून घ्या, त्यांच्या दोन रात्री राहायची सोय जवळच कुठंतरी करा, आणि माईक दुपारीच तपासून ठेवा.